दम लागत नसतो तेव्हाही दमा असतोच

दम्याच्या निळ्या पंपात, म्हणजे इनहेलरमधे, २०० पफ (फवारे) असतात. डब्यावर छापलेलं असतं पण वाचतं कोण. आता साधा हिशोब करा, आठवड्यातनं दोन वेळा दोन-दोन पफ लागत असतील तर हा पंप जवळजवळ वर्षभर पुरतो, आणि ज्याचा पंप महिन्यात संपतो तो माणूस रोज सहा-सात पफ मारतोय. मी मेडिकल चालवतो, कोल्हापुरात राजारामपुरीत, आणि दर महिन्याला येऊन "एक निळा पंप द्या" म्हणणारी गिऱ्हाईकं आमच्याकडं आहेत. चिठ्ठी जुनी, कधी तर चिठ्ठीच नाही, नुसता रिकामा डबा काउंटरवर ठेवायचा. विचारलं की उत्तर ठरलेलं, "काय नाही ओ, पंप मारला की मोकळं वाटतंय." मोकळं वाटतं हे खरंच आहे आणि गोची नेमकी तिथंच आहे.

दम्याच्या उपचारांबद्दल जगभरच्या डॉक्टरांसाठी सूचना काढणारी जीना नावाची एक संस्था आहे, १९९३ पासून काम करते. तिचं म्हणणं असं, की वर्षात असे तीन किंवा जास्त पंप संपत असतील तर मोठा अटॅक यायचा धोका वाढतो, आणि बारा किंवा जास्त, म्हणजे महिन्याला एक, तर जीव जायचा धोका वाढतो. पंपात विष असतं म्हणून नव्हे. एक तर सारखा मारून मारून शरीर त्याला कमी दाद द्यायला लागतं, आणि मुख्य म्हणजे इतका लागतोय याचा अर्थ आतला आजार तसाच पडून आहे, त्याच्यावर कुणी औषधच टाकलेलं नाही.

तर आतला आजार म्हणजे काय ते बघू.

आपण श्वास घेतो तेव्हा हवा घशातनं एका मोठ्या नळीत जाते, तिचे दोन फाटे होतात, त्या फाट्यांना फाटे, असं होत होत शेवटी मिलिमीटरपेक्षा बारीक नळ्या होतात. या नळ्यांना आतनं नाजूक अस्तर असतं, त्यावर थोडा ओलसर चिकट पातळ थर, आणि बाहेरनं स्नायूंचा वेढा. दमा असलेल्या माणसाचं हे अस्तर कायम थोडं सुजलेलं, लाल, चिडलेलं असतं. कायम म्हणजे कायम, तुम्ही मस्त रंकाळ्यावर फिरताय, भेळ खाताय, काही त्रास नाही, तेव्हाही. अशा चिडलेल्या नळीला धूर, धूळ, गार वारा, सर्दीचा व्हायरस असं काही लागलं की बाहेरचा स्नायू एकदम आवळतो, अस्तर अजून सुजतं, आणि चिकट घट्ट कफ सुटतो. तिन्ही एकदम. नळीची रुंदी अर्धी झाली तर हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, साधारण सोळापट होतो, म्हणून थोडक्यात सुरू झालेला त्रास बघता बघता हाताबाहेर जातो. आणि श्वास सोडताना नळ्या तशाही थोड्या आकसतात, त्यामुळं दम्यात घेतलेली हवा बाहेर काढायलाच जास्त जड जातं, ती छातीतली शिट्टी, ती घरघर, बहुतेक वेळा श्वास सोडतानाच ऐकू येते.

निळ्या पंपात सॅल्ब्युटामॉल किंवा त्याचाच भाऊ लेव्होसॅल्ब्युटामॉल असतं. ते स्नायू सैल करतं, पाच मिनिटांत गुण दिसतो, चार ते सहा तास टिकतो. सुजेला ते हातही लावत नाही. २०१९ चा पूर ओसरल्यावर बऱ्याच जणांनी भिंती नीट वाळायच्या आधीच घाईत रंग काढून घेतला होता बघा, दिवाळीपर्यंत सगळे पापुद्रे खाली. ओल आत होतीच. नुसता निळा पंप मारणं म्हणजे त्या ओल्या भिंतीवरचा रंग आहे, दिसायला लगेच बरं दिसतं, आणि दर वेळी आधीपेक्षा लवकर सोलतं.

सुजेवरचं औषध वेगळं असतं. ते पण पंपातनंच घ्यायचं, ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन, बेक्लोमेथासोन यातलं काहीतरी नाव त्यावर असतं, रंग कंपनीप्रमाणं बदलतो म्हणून रंगावर जाऊ नका, नाव वाचा. हे रोज घ्यायचं, त्रास असो नसो. आणि याचा गुण लगेच येत नाही, काही दिवस ते काही आठवडे लागतात, आणि इथंच सगळी गाडी घसरते. माणूस आठ दिवस मारतो, "काय फरक न्हाई" म्हणून बंद करतो, किंवा महिनाभर मारतो, एकदम छान वाटतं, मग "आता बरं झालंय की" म्हणून बंद करतो. दोन्हीकडनं बंदच. आणि मग थंडी पडली, कारखान्यांचे बॉयलर पेटले, की परत निळा द्या.

बंद करण्याचं अजून एक कारण म्हणजे स्टेरॉइड हा शब्द. हो, ही औषधं स्टेरॉइडच आहेत, लपवण्यात काही अर्थ नाही. पण मात्रा बघा. पंपाच्या एका पफमध्ये साधारण १०० किंवा २०० मायक्रोग्रॅम औषध असतं. एक मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. अटॅक आल्यावर पोटातनं जी प्रेडनिसोलोनची गोळी देतात ती मोठ्या माणसाला दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत देतात, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. औषधं वेगवेगळी आहेत, मायक्रोग्रॅमला मायक्रोग्रॅम असा तंतोतंत हिशोब लागत नाही हे मान्य, पण फरक किती आहे ते तरी कळतं. शिवाय पंपातलं थेट जागेवर जातं, सगळ्या अंगभर फिरून नाही.

गंमत म्हणजे, गंमत कसली, संतापच येतो, पंपाच्या स्टेरॉइडला घाबरणारी हीच माणसं दर पंधरा दिवसांनी कुठंतरी जाऊन "दम्याचं इंजेक्शन" घेऊन येतात, त्यात बऱ्याचदा डेक्सामेथासोन असतं, तेही स्टेरॉइड, आणि ते पूर्ण अंगात जातं. नाव नसलेल्या पुड्यांचं तर बोलूच नका. ज्या पुडीनं दोन दिवसांत दमा "गायब" होतो, भूक लागते, तोंड गोल व्हायला लागतं, तिच्यात काय असणार ते सांगायला लॅब लागत नाही. वर्षानुवर्षं असं चाललं की साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, डोळ्यांत मोतीबिंदू येतो, आणि एकदम बंद केलं तर माणूस अजूनच कोसळतो. म्हणून तशी पुडी चालू असेल तर डॉक्टरांना सांगून हळूहळू कमी करा, मनानं तोडू नका.

पंपाच्या स्टेरॉइडचे स्वतःचे त्रास आहेत की, आवाज बसतो, तोंडात पांढरी बुरशी धरते. त्याला उपाय एकदम सोपा, पंप मारल्यावर पाण्यानं खळखळून चूळ भरायची, गुळण्या करायच्या आणि थुंकायचं. लहान पोरांच्या उंचीबद्दल आया विचारतात, रास्त आहे, बरीच वर्षं नियमित घेतलेल्या मुलांच्या उंचीत साधारण एक सेंटिमीटरचा फरक अभ्यासात दिसलाय. पण रात्र-रात्र खोकून, शाळा बुडवून, खेळ बंद करून वाढणारं पोर त्याहून जास्त गमावतं, दमा हाताबाहेर असेल तर त्यानंही वाढ खुंटतेच.

आता एक नवीन गोष्ट, म्हणजे तशी नवीन राहिली नाही, २०१९ पासूनची आहे. जीनानं त्या वर्षी सांगून टाकलं की मोठी माणसं आणि बारा वर्षांवरची मुलं, यांना नुसता निळा पंप देऊन सोडायचं नाही, कितीही सौम्य दमा असला तरी. त्यांची पहिली पसंती अशी की सुजेवरचं औषध आणि फॉर्मोटेरॉल एकाच पंपात, आणि त्रास झाला की तोच मारायचा. फॉर्मोटेरॉल सॅल्ब्युटामॉलसारखंच दोन-तीन मिनिटांत काम सुरू करतं पण टिकतं बारा तास. यात फायदा असा की माणूस आळशी आहे, त्रास होईल तेव्हाच पंपाला हात लावतो, हे धरूनच चाललेलं आहे, दर वेळी मोकळं वाटण्यासाठी मारलं तरी थोडं सुजेचं औषध पोटात, सॉरी, छातीत जातंच. काहींना हा रोज सकाळ-संध्याकाळ पण लागतो. कुणाला कसा, दिवसाला जास्तीत जास्त किती, हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं, मेडिकलवाल्यानं नाही.

पण आधी दमा आहे हे कळायला पाहिजे ना. आमच्याकडं कफ सिरपच्या बाटल्यांवर बाटल्या नेणारी घरं आहेत, पोराला "ऍलर्जीचा खोकला" आहे, वर्षातनं पाच-सहा वेळा, दर वेळी अँटिबायोटिक. दम्यात धापच लागली पाहिजे असं काही नाही, काहींना नुसता कोरडा खोकला असतो. खूण कुठली बघायची तर वेळ. रात्री दोन-तीनला, पहाटे उठून खोकणं, हसलं की खोकणं, पळालं की खोकणं, सर्दी साधी पण खोकला तीन-तीन आठवडे न जाणं. त्रास येतो-जातो, मधे माणूस ठणठणीत, हे दम्याचं लक्षण. साठीच्या पुढचा, आयुष्यभर विडी ओढलेला माणूस किंवा तीस वर्षं चुलीपुढं बसलेल्या आजी, त्यांचा दम हळूहळू वाढतच जातो, मधे पूर्ण बरं वाटत नाही, तो बहुतेक सीओपीडी, वेगळा आजार. काही जणांना दोन्ही असतं. आणि पाय सुजून, आडवं झाल्यावर दम लागत असेल तर हृदय तपासायला पाहिजे.

पक्कं करायची तपासणी म्हणजे स्पायरोमेट्री. नळीत जोरात फुंकायचं, मग पंप देऊन पंधरा-वीस मिनिटांनी परत फुंकायचं. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा जर दुसऱ्या वेळी १२ टक्क्यांनी आणि २०० मिलिलिटरनं वाढली, तर आवळलेल्या नळ्या औषधानं सुटतात हे सिद्ध झालं, मोठ्या माणसात दम्याचा तो चांगला पुरावा. दुखत नाही, सुई नाही. एक्स-रे मात्र दम्यात बऱ्याचदा अगदी नॉर्मल येतो, त्यामुळं "फोटो काढला, काय नाही निघालं" यावर खूश होऊन घरी जाऊ नका. पाच वर्षांच्या आतल्या पोरांना ही फुंकर जमत नाही, शिवाय त्या वयात सर्दीत घरघरणारं प्रत्येक पोर पुढं दमेकरी होतं असंही नाही, तिथं डॉक्टर लक्षणांवरनं आणि औषधाला दाद कशी मिळते यावरनं ठरवतात.

दमा एकाचा दुसऱ्याला लागत नाही. घरात कुणाला असेल तर, किंवा कुणाला इसब, सर्दीची ऍलर्जी असेल तर शक्यता वाढते, एवढंच.

चिडवणारी कारणं मात्र जागेप्रमाणं बदलतात, आणि आपल्या कोल्हापूरचं वर्षाचं कॅलेंडरच आहे. मृग लागला की ओल. गगनबावडा, राधानगरीकडं तर कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, भिंतीला काळे ठिपके येतात, ती बुरशी, तिचे कण हवेत. पंचगंगेच्या काठच्या पेठांमधे आणि खेड्यांमधे २०१९ आणि २०२१ ला ज्या घरात पाणी शिरलं तिथं पाणी गेल्यावर गाद्या, लाकडी कपाटं कितीतरी दिवस ओली होती. पाऊस संपता संपता गाजरगवत फुलतं, रिकाम्या प्लॉटवर जिकडं तिकडं तेच. मग दिवाळीची झाडझूड आणि फटाके. लगेच उसाचा सीझन, थंडीची पहाट, गुऱ्हाळाची चुलवणं, आणि तोडणी झालेल्या फडात पेटवलेलं पाचट, संध्याकाळी धूर वर न जाता जमिनीलगतच बसतो, गावंच्या गावं धुरात. सीझन उतरतो तोवर चैत्रातली जोतिबाची यात्रा, गुलालानं डोंगर गुलाबी, दिसतं फार सुंदर पण दमेकऱ्यानं तोंडाला मास्क किंवा ओला रुमाल बांधूनच जावं. आणि त्याच सुमाराला मिरची. वर्षाची चटणी करायला ज्या गल्लीत कांडप चालू असतं त्या गल्लीतनं धडधाकट माणूस शिंकत जातो तर यांचं काय. चटणी खायला काही हरकत नाही बरं का, ती कांडताना, भाजताना तिथं उभं राहायचं नाही.

घराच्या आतलं कुणी मोजतच नाही. मशेरी भाजतात, अजूनही भाजतात, तो तंबाखूचाच धूर आहे. डासांची कॉइल, बंद खोलीत, पोराच्या उशाशी. एका अभ्यासात एक कॉइल पूर्ण जळल्यावर निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे भरले होते. घरातल्या कुणी सिगारेट ओढली तर आपण त्याला घराबाहेर काढतो आणि कॉइल स्वतः लावतो. मच्छरदाणी लावा राव. उदबत्ती-धूप पण कमीच, देव काही रागवत नाही. गाद्या-उशांमधे डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे असतात, त्यांच्यासाठी चादरी-अभ्रे आठवड्याला कडक गरम पाण्यात धुणं, गाद्यांना ऊन देणं, सुका झाडू न मारता ओलं पुसणं. खरं सांगायचं तर यातली एकच गोष्ट करून फार फरक पडत नाही, आणि हे सगळं करून पण औषधाची गरज संपत नाही, धूर सोडून. धूर थांबवला तर फरक पडतोच पडतो.

कामाच्या जागेचं अजून वेगळं. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत वाळू बांधायला काही ठिकाणी जी केमिकलं वापरतात, गाड्यांना स्प्रे पेंट मारताना जे आयसोसायनेट उडतं, पिठाच्या गिरणीतलं आणि बेकरीतलं पीठ, यांनी आधी अजिबात दमा नसलेल्या माणसाला तिशी-चाळिशीत दमा सुरू होऊ शकतो. ओळखायचं कसं, तर सुट्टीच्या दिवशी आणि गावाला गेल्यावर बरं वाटतं, कामावर आलं की परत. इचलकरंजीच्या सूतगिरणीवाल्यांचं याच्या थोडं उलटं असतं, कापसाच्या धुळीचा जो आजार आहे त्यात सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते, पण तो दमा नव्हे, बिसिनोसिस. फाउंड्रीच्या वाळूनं होणारा सिलिकोसिस पण वेगळा. डॉक्टरांकडं गेल्यावर काम काय करता हे न विचारता सांगा, निदानाची अर्धी चावी त्यात असते.

आता पंप मारायचा कसा. मला विचाराल तर सगळ्यात जास्त औषध वाया जातं ते इथं. बहुतेक लोक काय करतात, तोंड उघडतात, फुस्स करतात, आणि मग श्वास घेतात. सगळं जिभेवर आणि घशात. बरोबर पद्धत अशी: पंप चांगला हलवा, आधी श्वास पूर्ण बाहेर सोडा, पंप ओठांत घट्ट धरा, हळूहळू आत ओढायला लागा आणि ओढता ओढताच दाबा, दाबल्यावर थांबू नका, ओढतच राहा चार-पाच सेकंद, मग तोंड मिटून दहा सेकंद श्वास धरून ठेवा. दुसरा पफ अर्ध्या-एक मिनिटानं, परत हलवून. नवा पंप असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर आधी दोन-चार पफ हवेत सोडायचे.

आणि हे ओढणं-दाबणं एकदम जमत नसेल, बहुतेकांना जमत नाहीच, तर स्पेसर घ्या. ती प्लॅस्टिकची फुगीर नळी. लोकांना वाटतं लहान पोरांसाठी असते. तसं काही नाही, पंपातनं औषध फार वेगानं सुटतं, स्पेसरमधे त्याचा वेग मरतो, मोठे थेंब तिथंच चिकटतात आणि बारीक कण आरामात छातीत जातात. साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळवायचा, फडक्यानं पुसायचा नाही, पुसलं की प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध आतल्या बाजूला चिकटून बसतं.

कॅप्सूलवाला जो रोटाहेलर असतो त्याचं मात्र बरोबर उलटं. त्यात पावडर असते, ती उडवायला तुमचाच श्वास लागतो, म्हणून जोरात, झटक्यात, खोल ओढायचं. त्यात फुंकायचं नाही, ओल आत जाते. ज्यांच्याकडं दोन्ही असतात ते नेमके पंप जोरात आणि रोटाहेलर हळू ओढतात. आणि कृपा करून कॅप्सूल गिळू नका, हसू नका, गिळणारे भेटलेत. नेब्युलायझर म्हणजे पण गरम पाण्याची वाफ नव्हे, त्यात तेच पंपातलं औषध तुषार करून देतात, स्पेसर नीट वापरला तर घरी पंपानं जवळजवळ तेवढाच गुण येतो.

"पण पंपाची सवय लागतीय म्हणं." हा प्रश्न तर रोजचा. एक काकी मुलीला घेऊन आल्या होत्या, मुलगी कॉलेजची, चिठ्ठीवर पंप लिहिलेला. काकी हळू आवाजात, "भाऊ, गोळी द्या की त्याच्याऐवजी. स्थळं बघायची हाईत आता, पंप बघितला कुणी तर?" मुलगी खाली बघत उभी. म्हटलं काकी, लग्नात वरातीत सगळ्यांपुढं धाप लागली तर जास्त दिसेल. सवय लागते म्हणजे दारूसारखी तलफ लागत नाही. आजार बरीच वर्षं चालतो म्हणून औषध बरीच वर्षं चालतं, बीपीच्या गोळीला कुणी सवय म्हणत नाही. आणि तीन-चार महिने सगळं नीट राहिलं तर डॉक्टर मात्रा कमी पण करतात. मुलीनं शेवटी स्वतःच पंप मागून घेतला. गरोदरपणात तर हे अजूनच महत्त्वाचं, बाळाच्या भीतीनं पंप बंद करतात, पण आईचा ऑक्सिजन कमी पडला तर बाळाचाही पडतो, पंपाचा धोका त्यापुढं फार कमी आहे.

हैदराबादला मृग नक्षत्राच्या सुमाराला जिवंत मासा औषध भरून गिळायला देतात, आपल्याकडनं पण जातात लोक. कोजागरीला चांदण्यात ठेवलेल्या खिरीतनं दम्याचं औषध देतात. श्रद्धा म्हणून जायचं तर जा, पण याचा गुण येतो असा शास्त्रीय पुरावा नाही, आणि दमा मुळातच येतो-जातो असल्यामुळं जाण्याच्या वेळेला जे काही घेतलेलं असतं त्याला श्रेय मिळतं. फक्त त्यासाठी पंप बंद करू नका. प्राणायाम चांगला, श्वासावर ताबा येतो, घाबरणं कमी होतं, सूज उतरत नाही. केळी, दही, भात बंद करून पोराला वाळवायचं काही कारण नाही, ज्याची ऍलर्जी खरोखर सिद्ध झालीय तेवढंच सोडायचं. दुधानं कफ होतो म्हणून गंगावेशचं दूध सोडलेले पैलवान पण मला माहीत आहेत, त्यालाही आधार नाही. पांढरा रस्सा प्या की. रात्री अकराला वाटीवर वाटी रिचवून लगेच आडवं व्हायचं नाही एवढंच, ऍसिड वर आलं की रात्रीचा खोकला वाढतो.

खेळ बंद करायचा नाही. पेठेत पोरगं जन्मलं की पायात फुटबॉल, आणि दमा निघाला की घरचे पहिलं मैदान बंद करतात. इंग्लंडची धावपटू पॉला रॅडक्लिफ, तिला लहानपणापासून दमा, तिनं महिलांच्या मॅरेथॉनचा विश्वविक्रम केला. नीट वॉर्मअप करायचा, डॉक्टरांनी सांगितलं असेल तर खेळायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी पंप घ्यायचा, आणि पंप मैदानाच्या कडेला बॅगेत, घरी कपाटात नाही. पण खेळताना दर वेळी त्रास होतोय म्हणजे रोजचं औषध कमी पडतंय, हे डॉक्टरांना सांगायचं.

अटॅक आलाच तर. माणूस एक वाक्य सलग बोलू शकत नाही, मानेचे आणि बरगड्यांमधले स्नायू आत ओढले जातायत, ओठ निळसर, घाम, गुंगी, यातलं काही दिसलं तर थांबू नका. बसवून ठेवा, आडवं करू नका, कपडे सैल, खिडकी उघडी, भोवतीची गर्दी बाजूला. निळा पंप स्पेसरनं, एक पफ, चार-पाच श्वास, मग पुढचा, असे चार ते दहा पफ. वीस मिनिटांत नीट फरक नाही पडला तर परत, आणि तोवर १०८ ला फोन झालेला पाहिजे किंवा शेजाऱ्याची गाडी काढून सीपीआरची (आपलं सरकारी हॉस्पिटल) नाहीतर जवळच्या दवाखान्याची वाट धरलेली पाहिजे. कोरोनानंतर बोटाला लावायचं मशीन घरोघरी आहे, ९२ च्या खाली म्हणजे गंभीर, पण ९६ दाखवतंय आणि माणसाला बोलता येत नाहीये तर मशीनवर नाही, माणसावर विश्वास ठेवा. अजून एक, छातीतली शिट्टी एकदम थांबली आणि माणूस मलूल झाला, तर ते बरं होणं नव्हे, हवाच जात नाहीये म्हणून आवाज बंद झालाय, ही सगळ्यात वाईट खूण.

जगात २०१९ साली २६ कोटींहून जास्त लोकांना दमा होता आणि साडेचार लाखांच्या वर माणसं त्यानं गेली, जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा आहे. भारतात जगातले साधारण १३ टक्के रुग्ण आहेत, पण मृत्यूंमधला आपला वाटा ४० टक्क्यांच्या वर. आजार इथं काही वेगळा नाही. सुजेवरचा पंप मिळत नाही, मिळाला तर घेतला जात नाही, घेतला तर घशात जातो.

गंभीर दमा, ज्याला सगळं नीट घेऊनही आराम नाही, त्यांच्यासाठी आता काही महिना-पंधरवड्याला घ्यायची इंजेक्शनं आली आहेत, खर्चिक आहेत, तो विषय छातीविकार तज्ज्ञांचा. मॉन्टेलुकास्टची रात्रीची गोळी बऱ्याच पोरांना चालू असते, ती घेतल्यापासून पोर चिडचिडं झालं, भयानक स्वप्नं पडतात, उदास बसतं, असं असेल तर डॉक्टरांना लगेच सांगा, अमेरिकेच्या औषध खात्यानं २०२० मधे याबद्दल कडक इशारा दिलाय.

आणि आमच्या काउंटरवरचं शेवटचं. अंगदुखीची गोळी मागताना दमा आहे हे सांगत जा, ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकनं काही दमेकऱ्यांना, खास करून ज्यांच्या नाकात मोड (पॉलिप) आहेत त्यांना, जोरदार अटॅक येतो. अर्धशिशीला किंवा धडधडीला देतात ते प्रोप्रॅनोलॉल, आणि काचबिंदूचे टिमोलॉलचे डोळ्यात घालायचे थेंब, हो थेंबसुद्धा, नळ्या आवळू शकतात, डोळ्यांच्या डॉक्टरांना कुणी दम्याचं सांगत नाही. फ्लूची लस डॉक्टरांना विचारून घ्या. पंप गाडीच्या डिकीत, उन्हात ठेवू नका. पावसाळ्यात रोटाहेलरच्या कॅप्सूल बाटलीतनं काढून खिशात सुट्ट्या ठेवू नका, ओल धरतात आणि पावडर उडत नाही. पंपावर काउंटर असेल तर आकडा बघत जा, नसेल तर सुरू केल्याची तारीख पेनानं लिहा, कारण २०० पफ संपल्यावर पण तो बराच वेळ फुस्स फुस्स करत राहतो, नुसता गॅस, आत औषध नाही.